उपघटक ३.४ : ठळक-तिरपा टंक – रचना आणि उपयोग

उद्दिष्टे
या उपघटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• ठळक-तिरप्या टंकाची रचना स्पष्ट करता येईल.
• मराठी मजकुरात जोर देण्याचे योग्य साधन निवडता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, बोलताना आपण आवाज चढवून एखाद्या शब्दावर जोर देतो. छापील मजकुराला आवाज नसतो. तेथे ते काम अक्षराच्या रूपाला करावे लागते. रोमन लिपीतील ‘फ्युचुरा’ या टंकाचे, म्हणजेच फाँटचे, ठळक-तिरपे रूप घेऊन हे समजून घेऊ.

रचना
पाउल रेनर यांनी रेखाटलेला फ्युचुरा १९२७ साली जर्मनीतील बाउअर टाइप फाउंड्रीने प्रसिद्ध केला. वर्तुळ, त्रिकोण, सरळ रेषा अशा भौमितिक आकारांवर तो आधारलेला आहे. त्याच्या रेघांच्या टोकांना ‘सेरिफ’ नावाचे बारीक फाटे नाहीत. ठळक रूपात रेघ जाड होते आणि अक्षरातील पोकळी आकसते. म्हणून मोठ्या आकारात हे अक्षर ठसठशीत दिसते. लहान आकारात मात्र पोकळ्या बुजल्यासारख्या होतात.

तिरपेपणा दोन प्रकारचा असतो. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्दुस मनुत्सिउस यांनी ज्या तिरप्या टंकात ग्रंथ छापला, तो तत्कालीन जलद हस्ताक्षरावर बेतलेला होता. त्यातील अक्षरांची घडणच वेगळी होती. फ्युचुराचे तिरपे रूप दुसऱ्या प्रकारचे आहे. त्यात उभ्या अक्षराचाच सांगाडा उजवीकडे झुकवलेला असतो.

उपयोग
अमेरिकन चित्रकर्ती बार्बरा क्रुगर यांनी १९८०च्या दशकात कृष्णधवल छायाचित्रांवर याच रूपात छोटी वाक्ये मांडली. ‘मी’, ‘तुम्ही’, ‘आम्ही’ या अर्थाची सर्वनामे त्यांत वारंवार येतात. थेट संबोधन आणि ठळक अक्षर एकत्र आल्याने पाहणाऱ्याला कोणी हाक मारल्यासारखे वाटते. संपूर्ण परिच्छेद या रूपात छापला, तर हा परिणाम नाहीसा होतो. कारण जोर भोवतालच्या साध्या अक्षरांच्या तुलनेतच जाणवतो.

मराठीच्या संदर्भात
मराठीत जलद लेखनासाठी मोडी ही स्वतंत्र लिपी होती. ती बाळबोध टंकाची तिरपी जोडीदार झाली नाही. संगणकावर देवनागरी अक्षर तिरपे केले, की शिरोरेषा आडवीच राहते आणि काना तेवढा कलतो. शिवाय जोर देण्यासाठी भाषेपाशी स्वतःची साधने आहेत. ‘निर्णय तुम्ही घ्यायचा आहे’ आणि ‘निर्णय तुम्हीच घ्यायचा आहे’ ही वाक्ये ताडून पाहा. ‘च’ने जे साधले, त्यासाठी अक्षर झुकवावे लागले नाही. प्रकल्पलेखनात शीर्षके आणि संज्ञा ठळक कराव्यात. वाक्यातील जोर मात्र शब्दयोजनेवर सोपवावा.

स्वयं-अध्ययन
आपल्या मागील स्वाध्यायातील ठळक केलेले पाच शब्द साध्या अक्षरांत लिहा. ‘च’, ‘तर’, ‘ही’ किंवा शब्दक्रमातील बदल यांनी तोच जोर आणता येतो का, ते तपासा.