रेझिनचे पक्व होणे आणि कायाकची दुरुस्ती

घराचा स्लॅब पडला की त्यावर कित्येक दिवस पाणी साठवून ठेवतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यालाच क्युरिंग म्हणतात. काचतंतू आणि रेझिन यांपासून घडविलेल्या कायाकच्या, म्हणजे वल्ह्याने चालणाऱ्या अरुंद होडीच्या बाबतीतही हाच शब्द योजतात. मात्र तेथे पाणी शत्रू ठरते. साम्य एवढेच, की सिमेंट काय किंवा रेझिन काय, दोन्ही नुसती वाळत नाहीत. रासायनिक क्रियेने ती पक्व होतात.

पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरिन हे द्रव्य रेणूंच्या साखळ्या एकमेकींशी बांधते. उकडलेले अंडे पुन्हा पातळ होत नाही, तसे पक्व रेझिनही पुन्हा वितळत नाही. म्हणून तडा गेलेली अशी कायाक तापवून सांधता येत नाही. (बाजारातील पुष्कळशा कायाक पॉलिथिलीनच्या असतात. त्या उष्णतेने सांधता येतात. पण त्यांवर रेझिन धरत नाही. आपली होडी कोणती, हे आधी पाहावे.)

पॉलिएस्टरमध्ये क्रिया सुरू करणारे द्रव्य साधारणतः वजनाच्या १ ते २ टक्के घालतात. इपॉक्सीचे गणित वेगळे आहे. तेथील हार्डनर हा स्वतःच बांधणीचा भाग असतो. लवकर कडक व्हावे म्हणून तो अधिक ओतला, तर जादा हार्डनर न जुळता आत राहतो आणि थर कायमचा मऊ पडतो. बिघडलेल्या दुरुस्त्यांचे मूळ बहुधा या उतावळेपणात असते, असे आम्हांस वाटते. घाई असेल तर ऊब द्यावी; तापमान १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

हाताला कडक लागलेला थर पूर्ण पक्व झालेला असतोच असे नाही. इपॉक्सी एका दिवसात कडक लागते. पूर्ण बळ येण्यास मात्र आठवडाभर जातो. अर्धपक्व थर वाकतो, पाणी शोषतो आणि उन्हात तापलेल्या गडद रंगाच्या होडीत नरमही पडतो. वरून चकचकीत दिसणारे असे ठिगळ भर पाण्यात सुटले, तर प्रसंग वल्हविणाऱ्याच्या जिवावर येतो.

थर ओला आणि चिकट असतानाच त्यावर दुसरा चढविला, तर दोहोंची रासायनिक गाठ बसते. जुन्या होडीवर ती सोय उरलेली नसते. तेथे नवा थर केवळ खरवडलेल्या पृष्ठभागाला पकडून राहतो. म्हणून भोकाभोवतीची कड जाडीच्या सुमारे १२ पट रुंद उतरती घासावी लागते. ३ मिलिमीटर जाडीला ३६ मिलिमीटर. इपॉक्सीवर मेणासारखा पातळ थर येतो. तो आधी पाण्याने धुवावा आणि मग घासावे. उलट केल्यास तोच थर आत चोळला जातो. दमट हवेत तो अधिक येतो, त्यामुळे कोकणात पावसाळ्यात हे काम उघड्यावर काढू नये. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी उत्तम धरते, इपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाने धरत नाही.

भांड्याच्या तळाशी उरलेले रेझिन फेकू नये. त्याच मिश्रणाचा पातळ थर पुठ्ठ्यावर पसरून होडीशेजारी ठेवावा. पक्व होण्याची मुदत संपल्यावर त्यात नख रुतले, तर होडी पाण्यात उतरवू नये.