आंतड्यांतील जंतु आणि मुलींचा एक विकार

मागील वर्षीं इयत्ता दहावींतील एक मुलगी मधल्या सुटींत डबा न उघडतां खिडकीपाशीं बसलेली मला दिसली. जवळ बसून विचारलें, तेव्हां कळलें कीं, चार महिने तिला पाळी आली नव्हती, हनुवटीवर राठ केंस दिसूं लागले होते, आणि शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईंनीं 'पोट मार, म्हणजे अंग उतरेल व सर्व सुरळीत होईल' असें सांगितलें होतें. आईस डॉक्टरांकडे जाण्याचा संकोच वाटत होता. त्या मायलेकींशीं जें बोललें, तेंच येथें थोड्या विस्तारानें मांडितें.

या विकारास पीसीओएस असें म्हणतात. शिकागो येथील स्टाइन व लेव्हेन्थाल या दोन डॉक्टरांनीं १९३५ सालीं सात स्त्रियांच्या निरीक्षणावरून त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. आज जगांत दर दहा तरुण स्त्रियांपैकीं सुमारें एकीस तो असतो, आणि त्यांतील पुष्कळ जणींस त्याचा पत्ताच नसतो. बीजकोशांवर गांठी असतात असें नांवावरून वाटतें. परंतु त्या गांठी नव्हत, अर्धवट वाढून थांबलेले बीजांचे लहान कोश होत.

याचें मूळ बीजकोशांतच शोधूं नये. रक्तांतील साखर पेशींत पोंचविण्याचें काम इन्शुलिन करितें. या विकारांत पुष्कळदां पेशी त्याचें ऐकेनाशा होतात. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन ओततें, आणि तें बीजकोशांस पुरुषी संप्रेरकें जास्त निर्माण करावयास लावतें. त्यामुळें बीज वेळेवर पक्व होत नाहीं, पाळी लांबते, मुरमें व केंस येतात.

आतां आंतड्यांकडे वळूं. विरजणाचा एक थेंब भांडेंभर दुधाचें दहीं करितो, हें प्रत्येक मुलीनें पाहिलें आहे. आपल्या मोठ्या आंतड्यांत तसेच असंख्य सूक्ष्म जंतु अहोरात्र राबतात. धान्याचा कोंडा, डाळींचीं सालें, भाज्यांचा चोथा आपणांस पचत नाहीं. तो ते आंबवितात व त्यांतून जीं सौम्य आम्लें निघतात, त्यांवर आंतड्याचें अस्तर पोसतें. चोथा मिळाला नाहीं, म्हणजे अस्तर दुबळें होतें, जंतूंचे अंश रक्तांत झिरपतात, शरीरांत मंद दाह राहतो, आणि इन्शुलिनचें काम बिघडतें, असा तर्क दोघां ऑस्ट्रेलियन संशोधकांनीं २०१२ सालीं मांडला. २०१९ सालीं चिनी संशोधकांनीं अशा रुग्ण स्त्रियांच्या आंतड्यांतील जंतु उंदरांच्या पोटांत सोडले, तों उंदरांच्या बीजकोशांत व साखरेच्या व्यवहारांत बिघाड झाला. अर्थात् उंदीर म्हणजे मुलगी नव्हे. जंतु हें कारण कीं परिणाम, याचा निर्णय अजून व्हावयाचा आहे.

म्हणून जंतूंच्या महागड्या गोळ्यांवर पैसा घालण्याची मला घाई दिसत नाहीं. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी व वाटीभर ताक हीं आपल्या घरांत आहेतच. मैद्याच्या बिस्किटांनीं त्यांची जागा बळकावली आहे एवढेंच. मात्र चोथा हळूहळू वाढवावा व पाणी पुरेसें प्यावें. एकदम वाढविल्यास पोट फुगतें. अमुकच आहार सर्वांहून श्रेष्ठ, असें २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेसही आढळलें नाहीं. उपासमारीनें तर पाळी अधिकच बंद पडूं शकते.

पालकांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं, पहिल्या वर्षीं पाळी अनियमित असणें स्वाभाविक आहे. वर्ष लोटल्यावर दोन पाळ्यांत नव्वद दिवसांहून अधिक अंतर पडलें, तर डॉक्टरांस दाखवावें. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षें सोनोग्राफीवरून या विकाराचें निदान करूं नये, असेंही ती मार्गदर्शिका सांगते. निरोगी मुलींच्या बीजकोशांतही त्या वयांत पुष्कळ कोश दिसतात.

त्या मुलीची आई अखेर तिला घेऊन गेली. डब्यांत आतां भाकरी-उसळ असते, आणि पाळी दोन वेळां बऱ्याच अंशीं वेळेवर आली. हनुवटीवरील केंस मात्र अद्याप गेले नाहींत. त्यांस निराळा उपचार लागतो, व तो डॉक्टरांनीं सुरू केला आहे.