शटडाऊन अडले तर बटण दाबू नका

आम्ही खामगावच्या दुकानात कापडाचा हिशेब उबंटू लिनक्सवर ठेवतो. रात्री शटडाऊन दिले की पडदा काळा, यंत्र मात्र सुरूच. एकदा घाईत बटण दाबून धरले. उधारीची फाईल उघडेना, दोन रात्री पुन्हा लिहिण्यात गेल्या.

अडलेल्या कामासाठी लिनक्स साधारण 90 सेकंद थांबते. तेवढा सब्र करावा. एस्केप दाबल्यास कोणते काम अडले ते बहुधा दिसते. आमच्याकडे गोदामातील संगणकाचे फोल्डर जोडलेले होते अन् तो संगणक आधीच बंद होई! आता फोल्डर आधी सोडवतो. अगदीच अडल्यास आल्ट व प्रिंटस्क्रीन धरून एस, यू, ओ क्रमाने सावकाश दाबावे. एसने माहिती डिस्कवर उतरते, यूने लिहिणे थांबते, ओने यंत्र बंद होते.