फ्रेंचमधील संकेतार्थी भूतकाळ

‘पाऊस पडला असता, तर आम्ही पेरले असते,’ हे वाक्य जालन्याच्या शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. मराठीत ‘असणे’ या धातूचे संकेतार्थी रूप दोन्ही वाक्यांत येते. म्हणून आमचे विद्यार्थी फ्रेंचमध्येही तसेच करितात व चुकतात, असा आमचा अनुभव आहे.

फ्रेंच वाक्य असे: ‘सिल् आव्हे प्ल्यू, नूझ् ओरियों समे.’ आरंभीच्या ‘सी’चा अर्थ जर, त्याच्यामागून केवळ पूर्ण भूतकाळ येतो. ‘ओरियों’ हे साहाय्यक धातूचे संकेतार्थी रूप फलवाक्यातच येते. त्यास ‘समे’, म्हणजे ‘पेरलेले’, हे धातुसाधित जोडितात.

बाळांनो, ‘सी’च्या वाक्यात संकेतार्थ नको, एवढे ध्यानी ठेवा, म्हणजे परीक्षेनंतर ‘अभ्यास केला असता, तर’ असे कोणत्याच भाषेत म्हणावे लागणार नाही.