रंगांचा चिखल का होतो?

प्रश्न : शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिल्या होत्या. निवृत्तीनंतर जलरंगाच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले. तिथे चित्र छान झालं, घरी मात्र रंगांचा चिखल होतो. दुसरी कार्यशाळा करू का?

उत्तर : एवढ्यात नको. कार्यशाळेत रंग कधी लावायचा हे समोरचे चित्रकार ठरवतात, आपण मागोमाग करतो. घरी तो निर्णय तुमचा असतो आणि चिखल तिथेच होतो. पहिला हात अर्धवट ओला असताना त्यावर पुन्हा कुंचला फिरवला की खालचा रंग उखडतो. तळहाताची मागची बाजू कागदाला लावून बघा; गार लागला तर कागद अजून ओला आहे. पावसाळ्यात तर वाळायला फारच वेळ लागतो, तेव्हा खुशाल चहा करून या. एका मिश्रणात दोनच रंग घ्या. शाळेतल्या सवयीने पांढरा मिसळत असाल तर तो डबीतच राहू द्या. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद.

रंगांपेक्षा कागदावर खर्च करा. ३०० जीएसएमचा कॉटन कागद महाग वाटेल, पण २२ बाय ३० इंचांच्या एका तावातून आठ तुकडे निघतात. त्यावर महिनाभर एकाच गडद रंगात फक्त छायाप्रकाश रंगवा.

क्लास लावायचाच असेल तर आठवड्याचा लावा, आणि जिथे समोर तांब्या-भांडी मांडून रेखाटन करून घेतात असाच निवडा. मोबाइलवरचं चित्र उतरवायला देणाऱ्या क्लासची फी वाया जाते.