शेक अन्ननलिकेला, झळ कुणाला?

भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका घरातली बैठक. मोठ्या मामांना अन्ननलिकेचा कॅन्सर निघालाय, मुंबईत रेडिएशनचे 28 शेक ठरलेत. धाकटे मामा यंत्रमागावर जॉबर, भाची रेडिएशन विभागात तंत्रज्ञ.

मामा : दुखणं छातीतल्या नळीत, आणि सही घेताना डॉक्टर फुफ्फुस, हृदय, पाठीचा कणा, सगळ्यांची नावं घेतात. नेम चुकतो की काय तुमचा?

भाची : नेम नाही चुकत. अन्ननलिका बसलीच आहे अवघड जागी. पुढे श्वासनलिका, तिच्या खाली हृदय, दोन्ही अंगांना फुफ्फुसं, मागे मणके. आणि हे किरण गाठीपाशी थांबत नाहीत, आरपार जातात.

मामा : म्हणजे सगळंच भाजणार?

भाची : छे! एकाच बाजूने सगळा मारा करत नाहीत. वेगवेगळ्या दिशांनी थोडे थोडे किरण सोडतात, ते गाठीवर एकत्र येतात, तिथेच डोस साठतो. पण गोम अशी, की समोरून-मागून सोडले तर फुफ्फुसं बरीचशी वाचतात, हृदय आणि मणक्यांतला मज्जारज्जू सापडतात. आडवे सोडले की मज्जारज्जू सुटतो आणि फुफ्फुसं सापडतात. झळ कुणाला तरी लागणारच. कुणाला किती, एवढंच आपल्या हातात.

मामा : आणि ते ठरवतं कोण?

भाची : आधी सीटी काढतात. त्याच्या एकेका चित्रावर डॉक्टर गाठीची, हृदयाची, फुफ्फुसांची कड आखतात, मग फिजिसिस्ट संगणकावर हिशेब मांडतात. डोस ग्रेमध्ये मोजतात. मोठ्या मामांना रोज 1.8 ग्रे, म्हणजे 28 दिवसांत 50.4 ग्रे. मज्जारज्जू गाठीपासून एका मणक्याच्या जाडीवर, आणि त्याला साधारण 45 ग्रेच्या आत ठेवायचं! फुफ्फुसांचं माप निराळं : 20 ग्रे किंवा जास्त डोस मिळणारा भाग साधारण 30 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. हृदयाला जमेल तितका कमी. आकडा बसला नाही, की प्लॅन पुन्हा.

मामा : दादाने उभा जन्म मागाच्या खात्यात कापसाची धूळ खाल्ली. वर विडी.

भाची : हे डॉक्टरांना सांगितलंत?

मामा : विचारलंच नाही कुणी.

भाची : मग उद्याच सांगा. फुफ्फुसं आधीच अशक्त असली तर तो 30 चा आकडाही खाली आणावा लागतो. नळीत फुंकायची तपासणी होईल, ती टाळू नका. हृदयाचं दुखणं असेल, पूर्वी छातीला रेडिएशन झालं असेल, तर तेही सांगायचं.

मामा : खारघरला नवं मशीन आलंय म्हणे?

भाची : प्रोटॉनचं. टाटाच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये 2023 पासून. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतात, पलीकडचे अवयव बचावतात. अमेरिकेत 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अन्ननलिकेच्या रुग्णांना त्यामुळे त्रास कमी झाला, पण आजार आटोक्यात राहण्याचा काळ दोन्हीकडे सारखाच निघाला. डॉक्टरांना विचारा जरूर. त्यासाठी ठरलेले उपचार मात्र लांबवू नका.

मामा : वहिनी विचारतेय, नातवंडांना जवळ येऊ द्यायचं का?

भाची : खुशाल! मशीन बंद झालं की किरण बंद, अंगात काही उरत नाही.

मामा : मग जपायचं काय?

भाची : वजन. दोन-तीन आठवड्यांत गिळताना आग होते, माणूस जेवण सोडतो. अंग उतरलं की आखलेली जागा हलते, आणि कधी कधी सगळा हिशेब नव्याने करावा लागतो. पेज, ताक, दूध, अंडं, जे उतरेल ते द्या. नाकातून नळी घाला म्हणाले तर हट्ट नको.

मामा : शेक संपले की सुटलो?

भाची : पुढचे सहा महिने डोळ्यांत तेल घालून राहा. कोरडा खोकला, बारीक ताप, धाप, असं काही झालं तर ती रेडिएशनने आलेली फुफ्फुसाची सूज असू शकते. गल्लीतल्या डॉक्टरला टीबी नाहीतर न्यूमोनिया वाटेल. या सुजेवर बहुधा स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि वेळेत दिलं तर बहुतेकांना आराम पडतो. हृदयाचा त्रास तर काही वर्षांनीही डोकं वर काढतो. म्हणून शेवटच्या दिवशी किती ग्रे दिले, कुठे दिले, हा कागद मागून घ्या आणि पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी तो दाखवा.