पेयांचा दाटपणा व त्यांचे वाहणे

पाणी, दूध, सरबत, काकवी हे द्रव मुलांच्या नित्य परिचयाचे असल्यामुळे प्रवाहाचा पाठ स्वयंपाकघरापासून आरंभणे सोयीचे ठरते. मात्र या परिचयातूनच 'दाट ते जड व पातळ ते हलके' अशी एक चुकीची समजूतही मुलांच्या मनात घर करून बसलेली असते. शेंगदाण्याचे तेल पाण्यावर तरंगते, म्हणजेच ते पाण्याहून हलके आहे. तरीही त्याचा दाटपणा पाण्याच्या पन्नासपटींहून अधिक असतो. पेल्यातील पाण्यावर तेलाचे चार थेंब टाकून ही गोष्ट प्रथमच दाखवावी. जडपणा व दाटपणा यांची गल्लत राहिली, तर पुढील विवेचन मुले पाठ करतील, पण समजणार नाहीत.

द्रव वाहतो तेव्हा त्याचे थर एकमेकांवरून सरकत असतात. या सरकण्याला थराथरांत जो विरोध होतो, त्यास श्यानता म्हणतात. दुधाची श्यानता पाण्याच्या सुमारे दुप्पट असते. काकवीची तर हजारो पटींनी अधिक असू शकते. चहा ढवळून चमचा काढून घेतला, तरी पत्तीचे कण काही वेळ फिरत राहतात. काकवीतून चमचा काढताच तिचे फिरणे थांबते. श्यानतेने गती गिळून टाकली, असे मुलांना सांगण्यास हरकत नाही.

द्रवाचे थर आपापली वाट न सोडता पुढे सरकतात, तेव्हा प्रवाह स्तरीय असतो. ते मोडून भोवरे उठू लागले, की तो संक्षुब्ध होतो. हा भेद मँचेस्टर येथील अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑसबर्न रेनल्ड्स यांनी 1883 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डोळ्यांना दिसेल असा मांडला. काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात त्यांनी रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असता ती धार ताणलेल्या सुतासारखी सरळ राहिली. वेग वाढविताच पुढे एका ठिकाणी ती एकाएकी विस्कटली व रंग सर्व पाण्यात पसरला. विजेच्या ठिणगीच्या क्षणिक प्रकाशात पाहता त्या रंगाच्या जागी भोवऱ्यांची वेटोळी दिसून आली.

येथे शिक्षकांनी सावध असावे. 'दाट द्रव संथ वाहतो, पातळ द्रव खळाळतो' हे वाक्य फळ्यावर लिहिण्यास सोपे, पण ते अर्धेच खरे आहे. वेग, नळीचा व्यास व द्रवाची घनता यांच्या गुणाकारास श्यानतेने भागले असता येणारी संख्या प्रवाहाचे स्वरूप ठरविते. नळीत ही संख्या सुमारे 2000 च्या आत असेपर्यंत प्रवाह स्तरीय राहतो. 1 सेंटिमीटर व्यासाच्या नळीत पाण्याला ही मर्यादा सेकंदाला सुमारे 20 सेंटिमीटर वेगावरच गाठते. दुधाला जवळजवळ दुप्पट वेग लागेल. पाण्याच्या हजारपट श्यान असलेल्या काकवीला मात्र सेकंदाला शंभर मीटरांहून अधिक, म्हणजे चक्रीवादळालाही क्वचितच साधणारा वेग लागेल! म्हणूनच बरणीतून ओतलेली काकवी कधी खळाळत नाही. उलट नळाची तोटी अगदी थोडी सोडली, तर पाण्याची धारही काचेच्या काडीसारखी नितळ दिसते. तोटी हळूहळू उघडून ती धार कोठे गढूळल्यासारखी होते, हे मुलांनाच पाहू द्यावे.

सरबताचे उदाहरण विशेष उपयोगाचे आहे. पाण्यात साखर ढवळली, की भोवरे तिला क्षणात सर्वत्र नेतात. काकवीत लिंबाचा रस घालून तितकेच ढवळले, तर त्याचे पट्टे दीर्घकाळ वेगळे दिसतात, कारण तेथे थर मोडत नाहीत, केवळ ताणले जातात. दह्याचे उदाहरण मात्र या पाठात टाळावे. ते घुसळल्याने स्वतःच पातळ होते, आणि मुलांचा गोंधळ उडतो.

उष्णतेचा परिणाम शेवटी घ्यावा. पाण्याची श्यानता 20 अंश सेल्सिअसपेक्षा 60 अंशांवर निम्म्याहूनही कमी होते. काकवीत हा फरक कितीतरी ठळक दिसतो: काकवीची एक लहान बाटली कोमट पाण्यात व दुसरी थंड पाण्यात काही वेळ ठेवावी, नंतर दोन्ही एकाच वेळी सारख्या कलवून कोणती आधी रिकामी होते ते मुलांना मोजावयास लावावे.